निरोप्याचा संप

आमची ही देवाशी बोलत नव्हती.

गैरसमज नको. तिचा विश्वास वगैरे उडाला नव्हता. विश्वास उडालेला माणूस मी, तोही लग्नाच्या आधीपासून, आणि माझं त्यावाचून काही अडलं नव्हतं. मी लिफ्ट दुरुस्त करतो. माणसं वर जातात आणि खाली येतात, यात मला आजवर काही गूढ दिसलेलं नाही. हिचं प्रकरण वेगळं. जो नाहीच त्याच्याशी कोणी अबोला धरत नाही. हिच्या मते तो होता, चांगला धडधाकट होता, सगळं ऐकत होता, आणि ऐकूनही त्यानं जे केलं त्याची त्याला लाज वाटायला हवी होती.

त्यानं काय केलं ते सांगतो. आमच्या एकुलत्या एका लेकीचं पहिलं बाळ पूर्ण दिवसांचं होऊन पोटातच गेलं. त्या बाळासाठी हिनं प्रार्थनेत काही कसर ठेवली नव्हती. उपास केले, चर्चच्या महिला मंडळाला कामाला लावलं. मंडळात एक मावशी आहेत, दुसऱ्याची प्रार्थना संपायच्या आधीच आमेन म्हणून मोकळ्या होतात, मी त्यांना आमेनमावशी म्हणतो. त्या रोज फोनवरून आमेन पोचवायच्या. एवढी सगळी जय्यत तयारी, आणि बाळ आलं ते निपचित. मुलगा होता. हिनं त्याला हातात घेतलं आणि स्वतः विणलेली टोपी घातली. टोपी डोक्याला अगदी बरोबर बसली. दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, सगळे आमेन म्हणाले, ही म्हणाली नाही. घरी आल्यावर दारात चपला काढता काढता म्हणाली, "आजपासून मी त्याच्याशी बोलणार नाही."

मला वाटलं, आज ना उद्या राग ओसरेल. पण मी माझ्या सासुरवाडीची परंपरा विसरलो होतो. हिची आई आणि काकू, सख्ख्या जावा, एका स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं एकमेकींशी चकार शब्द न बोलता नांदल्या. मीठ हवं असलं तरी मध्ये एक पोर उभं करायच्या. काकूला सांग, मीठ दे म्हणावं. काकू हातभर अंतरावर. आईला सांग, डबा तिच्या नाकासमोर आहे. मध्ये उभं केलेलं ते पोर म्हणजे आमची ही. शिक्षण लहानपणीच पक्कं झालेलं.

आणि अबोला पाळायचा तर तो रीतसर. दर रविवारी ही चर्चला जायची. हो, जायचीच, घरी बसली असती तर त्याला कळलं कसं असतं? नेहमीच्या बाकावर हाताची घडी घालून, ओठ मिटून बसायची. सगळे गुडघे टेकायचे तेव्हा ही ताठ. सगळे गायचे तेव्हा ही वर अशी बघायची, की मला चर्चच्या छपराची काळजी वाटायची. रुसलेली आत्या लग्नाला येते पण फोटोत उभी राहत नाही, तसं ते चाललं होतं. मी तिला स्कूटरवरून सोडायचो आणि बाहेर, उघड्या दारातून आतलं दिसेल असा बसून, पेपर वाचायचो. देवाशी बोलत नव्हतो तर मीही, पण माझ्या गप्प बसण्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

मग लेकीला पुन्हा दिवस गेले. या वेळी हिनं विणायच्या सुईला हात लावला नाही. महिला मंडळालाही कळू दिलं नाही. आणि सातवा महिना लागायच्या आधीच पोर बाहेर आली.

पोर म्हणजे किती, तर माझ्या पान्ह्यांच्या पिशवीपेक्षा हलकी. तिला काचेच्या पेटीत ठेवली होती, नाकात नळी, पायाला वायर, छातीवर चिकटपट्ट्या. पेटीला बाजूला दोन गोल खिडक्या, त्यांतून हात आत घालायचा. लेक उठून बसायला लागली तशी त्या पेटीशेजारी जाऊन बसली ती हललीच नाही. जावई येऊन-जाऊन असायचा. मी कधी आत डोकावायचो, कधी काचेतून बघायचो. आणि ही रोज सकाळी डबा घेऊन यायची आणि बाहेर कॉरिडॉरमधल्या बाकड्यावर बसायची. आत पाऊल टाकायची नाही.

"मला सर्दी आहे," म्हणायची, आणि पुरावा म्हणून नाक ओढायची. सर्दी कसली नि काय. एकदा एका बाळाला हातात घेऊन झालं होतं, तेवढं तिला पुरलं होतं. लेकीला हे कळत नव्हतं असं नाही. मी आत गेलो की ती विचारायची, आई आली का? मी म्हणायचो, आलीय, पण सर्दी आहे तिला. "अजून?" एवढंच म्हणून ती परत पेटीकडे तोंड करायची.

पहिला निरोप मला तिथंच मिळाला, त्या बाकड्यावर. मी कामाला निघालो होतो. ही म्हणाली, "त्याला सांगा."

कोणाला, म्हणून मी विचारलं. तिनं हनुवटी वर केली.

मी म्हणालो, माझी त्याची ओळख नाही. ती म्हणाली, म्हणूनच बरं, तुमचं त्याच्याशी भांडण तरी नाही. सांगा, ही पोर ठेव म्हणावं. आणि सांगा, मागच्या वेळचं मी विसरलेले नाही.

आता तुम्ही म्हणाल, देव न मानणारा माणूस हे कशाला ऐकेल? तुमचं लग्न झालेलं नसणार. बायकोनं दूध आणायला पाठवलं तर माणूस दुधाच्या अस्तित्वावर वाद घालत बसत नाही.

त्या दिवशी मी एका कचेरीच्या इमारतीत कामावर होतो. लिफ्टच्या केबिनच्या टपावर उभं राहून, केबिन हळूहळू वर नेत दोन्ही बाजूंच्या रुळांना तेल द्यायचं काम होतं. लिफ्टच्या त्या उभ्या बोगद्यात, शाफ्टमध्ये, एकटाच असतो माणूस. वर बघितलं तर अंधार आणि त्यापलीकडे मशीनचा तळ, बाकी काही नाही. म्हटलं, उरकून टाकावं. अनोळखी माणसाला एकदम अरे-तुरे कसं करायचं, म्हणून म्हणालो, "अहो, आमच्या हिचा निरोप आहे. पोरीला ठेवा म्हणते." मागच्या वेळचं मी गाळलं. मध्यस्थानं थोडं मिळतंजुळतं घ्यावं लागतं.

संध्याकाळी बाकड्यावर टेकतो न टेकतो तोच हिनं विचारलं, सांगितलंत का? सांगितलं. मग म्हणते, "काय म्हणाला?"

याचा मी विचारच केला नव्हता. निरोप नेणाऱ्यानं उलट जबाबही आणायचा असतो, हे तिच्या माहेरचं कलम. मी घाईत म्हणालो, "बघतो म्हणाला."

"बघतो म्हणजे? नगरपालिका आहे का ती?"

तेव्हापासून हा माझा रोजचा धंदा झाला. निरोप वाढत चालले. त्या पोरीच्या हाताला सुई टोचताना शीर पहिल्या फटक्यात सापडू दे म्हणावं. मोठ्या डॉक्टरला रात्री झोप लागू दे, सकाळी जांभया देत औषधं लिहितो मेला. लेकीला दूध येऊ दे. आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी देवाचा एक पाणउतारा, जो मी शाफ्टपर्यंत पोचता पोचता गिळून टाकायचो. उत्तरादाखल मी "बघतो", "लक्षात आहे", "चाललंय" असं काहीबाही आणायचो. लिफ्ट बंद पडली की मी लोकांना जे सांगतो तेच, दुसरं मला येतं काय.

एक दिवस तिनं मला पकडलं. मागच्या वेळचं बोललात का त्याला, म्हणाली. मी म्हणालो, बोललो. ती म्हणाली, "खोटं. बोलला असतात तर तो गप्प बसला असता. बघतो म्हणाला नसता."

दुसऱ्या दिवशी टपावर चढल्यावर तेलाचा डबा खाली ठेवला आणि म्हटलं, आज पदरचं काही घालायचं नाही आणि काही गाळायचंही नाही. म्हणालो, "ती मागच्या वेळचं विसरलेली नाही. टोपी केली होती हो तिनं. बरोबर बसली होती." हे मी कोणाजवळ बोललो नव्हतो, हिच्याजवळसुद्धा नाही. तिथंच टपावर बसलो आणि तेलकट हातांनी तोंड झाकून रडलो. खालच्या मजल्यावरून कोणीतरी दार बडवून विचारत होतं, लिफ्ट येणार आहे की नाही. मी ओरडून सांगितलं, "बघतो."

त्या संध्याकाळी हिनं माझ्या तोंडाला लागलेलं तेल बघितलं. काय म्हणाला, ते विचारलं नाही.

पाळकसाहेब अधूनमधून हॉस्पिटलला यायचे. किडकिडीत माणूस, शर्टाचा खिसा पेनाच्या शाईनं कायम निळा झालेला. हिच्यासमोर ते जरा बिचकूनच असायचे, कारण ती त्यांना त्यांच्या साहेबाच्या पार्टीतला समजायची. एकदा मी त्यांना बाहेर चहाच्या टपरीवर गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. विचारलं, मी देवाच्या नावानं मनाची उत्तरं सांगतो, हे पाप आहे का?

ते म्हणाले, "मी दर रविवारी अर्धा तास दुसरं काय करतो? तुम्ही निदान एका शब्दात आटपता."

मग कप खाली ठेवून म्हणाले, त्यांना सांगा, भांडण सोडू नका. क्रुसावर खिळलेल्या पोरानंसुद्धा बापाला जाब विचारला होता, मला का सोडलंस म्हणून, चारचौघांसमोर, मोठ्यानं. मी विचारलं, मग बाप काय म्हणाला? ते म्हणाले, काही नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत कोणालाच काही कळलं नाही, त्याचे सगळे शिष्य दारं लावून बसले होते. मला हे उत्तर आवडलं. पाळकांकडून मी जास्त गुळगुळीत मालाची अपेक्षा केली होती.

मी ते जसंच्या तसं हिच्या कानावर घातलं. ती म्हणाली, "मला काय हे नवीन आहे? त्याचं पोर तिसऱ्या दिवशी परत आलं. आमचं आलं का?" त्या दिवशी मी कुठलाच निरोप नेला नाही आणि तिनंही दिला नाही.

आणि मग ती दुपार आली. मी एका दवाखान्याच्या लिफ्टचं ब्रेक-लायनर बदलत होतो तेव्हा जावयाचा फोन आला. नुसतं "बाबा, या" म्हणाला. हत्यारं तिथंच टाकून निघालो. पोरीच्या फुफ्फुसात जंतूंचा संसर्ग झाला होता. नळी पुन्हा घशातून घातली होती, यंत्र तिच्यासाठी श्वास घेत होतं, आणि पोरीचा रंग बघवत नव्हता. मोठ्या डॉक्टरनं आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की औषधं सगळी दिली आहेत, आता ती किती साथ देते ते बघायचं, आणि मनाची तयारी असू द्या. जावई भिंतीला टेकून उभा राहिला. लेक आत पेटीपाशी होती. तिला काही सांगायची गरज नव्हती, तिच्यासमोरच सगळं चाललं होतं.

ही बाकड्यावर होती. नाक ओढायचंही विसरली होती. मी शेजारी बसलो. ती समोरच्या भिंतीकडे बघत, अगदी हळू म्हणाली:

"त्याला सांगा, न्यायची असेल तर आत्ता ने म्हणावं. खेळवू नकोस. माझ्या लेकीला रोज थोडी थोडी मारू नकोस. काय ते एकदाच करून टाक."

मी म्हणालो, "हा निरोप मी नेणार नाही."

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत मी एकाही निरोपाला नाही म्हटलं नव्हतं. का, म्हणून तिनं विचारलं. मी म्हणालो, नाही नेणार म्हणजे नाही नेणार.

"तुमच्या मते वर कोणी नाही ना? मग भिंतीला सांगितल्यासारखं सांगा. तुमचं काय जातंय?"

खरंच होतं की. माझं काय जात होतं? शाफ्टमध्ये उभं राहून वरच्या मशीनला चार शब्द ऐकवायचे आणि परत यायचं. मी तोंड उघडलं आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मला भीती वाटत होती, साधी, सरळ भीती. मी हे बोलेन आणि पोर जाईल, ही भीती.

"तो ऐकेल," मी म्हणालो.

हे माझ्या तोंडून गेलं आणि मला चोरी पकडल्यासारखं झालं. सगळी हयात शहाणपणात घालवली आणि उतारवयात हॉस्पिटलच्या बाकड्यावर असा तोंडघशी पडलो. पण पडलो तो पडलोच. तो हे ऐकणार असेल, तर मग आधीचंही सगळं त्यानं ऐकलं होतं. शीर सापडू दे ते, डॉक्टरच्या झोपेचं ते, टोपीचं ते. कितीदा तरी मी तिथं कोणाशी तरी बोललो होतो आणि मला वाटत होतं की मी एकटा आहे. त्या कॉरिडॉरमध्ये, आत पोर जांभळी पडत असताना, मला आशा वाटली. काही कारण नव्हतं. डॉक्टरचा शब्द बदललेला नव्हता. तरी वाटली, लाज वाटावी इतकी वाटली.

ही माझ्याकडे बघतच होती. "तुम्ही?" म्हणाली.

मी चिडून म्हणालो, "मग काय झालं? तुझा निरोप्या आजपासून संपावर आहे. तुला सांगायचंच असेल तर जा आणि तू सांग."

"माझं त्याच्याशी बोलणं नाही."

"मग नको बोलूस. पण हे माझ्या तोंडून जाणार नाही."

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, आता माझ्याशीही अबोला, आणि मध्ये उभं करायला घरात तिसरं माणूस नाही. मग ती उठली. चपला काढल्या. बेसिनपाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, आणि परत धुतले. दारातल्या सिस्टरनं गाऊन पुढे करत विचारलं, "आजी, सर्दी होती ना तुम्हाला?"

"गेली," ही म्हणाली, आणि आत गेली.

पुढचं मी काचेतून बघितलं. लेकीनं वर पाहिलं आणि बसल्या जागेवरूनच हिच्या पोटाशी तोंड लपवलं, चार वर्षांची असताना लपवायची तसं. हिनं तिच्या केसांवरून हात फिरवला. मग गोल खिडकीतून हात आत घातला आणि पोरीच्या अंगावर नुसता ठेवला. त्या एका तळव्याखाली पोर जवळजवळ सगळी झाकली गेली.

आणि ही बोलायला लागली. वर छताकडे बघून नाही. पेटीच्या पलीकडे, माणूस उभा असावा तेवढ्या उंचीवर नजर लावून. काचेतून शब्द ऐकू येत नव्हते. पण दुसऱ्या हाताचं बोट उगारलेलं दिसत होतं, आणि ते बोट मी चांगलं ओळखतो. त्याच्यासमोर दूधवाला टिकलेला नाही, घरमालक टिकलेला नाही, मी तर नाहीच. माझ्या मनात आलं, बिचारा देव. साचलेलं सगळं एकदम निघालं होतं. आतल्या सिस्टरनं एकदा मान वर करून बघितलं आणि परत आपल्या कामाला लागली, तिनं असली भांडणं बघितलेली असणार. मग कुठेतरी मध्येच ते बोट खाली आलं. ओठ हलत राहिले, पण हळू. ती रडत होती. नंतर ओठही थांबले, आणि ती तशीच पलीकडे बघत राहिली.

ती बाहेर आली तेव्हा खिडकीतलं ऊन कलायला लागलं होतं. तिच्या मागोमाग सिस्टर आली आणि म्हणाली, ऑक्सिजन थोडासा कमी करता आलाय. जावयानं विचारलं, म्हणजे सुधारणा आहे का? सिस्टर म्हणाली, तसं काही धरून चालू नका, पण मघाशी होती त्याहून वाईट नाही. जावई "वाईट नाही" हे दोन शब्द पुटपुटत आत लेकीकडे गेला.

ही बाकड्यावर माझ्याशेजारी बसली. मी विचारलं, काय बोललीस?

"तुम्हाला काय करायचंय? आमच्या दोघांतलं आहे ते."

झालं. दोघांचं जुळलं की मधल्याला पहिली लाथ बसते, हे मला माहीत असायला हवं होतं. पण ती लाथ मला फार गोड लागली, कारण तो 'आत्ता ने'चा निरोप तिनंही दिला नव्हता, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. तरी राहवेना.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

तिनं गाऊनच्या बाहीनं नाक पुसलं. "काही म्हणाला नाही," ती म्हणाली. "पण मी एवढं बोलले, तरी उठून गेला नाही."

मग ती भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली. मी गुडघ्यांवर कोपरं टेकली, मान खाली घातली, आणि कोणाचाही निरोप नसताना बोलायला सुरुवात केली.